जे आले नाहीत त्यांचं ‘नाही’

आमच्या समाजात एखाद्या गोष्टीला नाही म्हणायचं असेल तर माणूस घरी बसतो. भांडायला जात नाही, आवाज चढवत नाही. बैठकीचा निरोप आला तरी उठत नाही, एवढंच. त्याचं दार ओढून घेतलेलं दिसलं की सगळ्यांना कळतं, या घराला ही गोष्ट मान्य नाही. मग बैठक थांबते. कोणीतरी त्याच्या अंगणात जाऊन बसतं, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतं, इकडचं तिकडचं बोलतं आणि शेवटी विचारतं, "काऊन नाई आला गा?" तो सांगतो. त्याचं थोडं ऐकलं जातं, थोडं त्याला ऐकवलं जातं. तो आला की मगच पुढचं ठरतं.

तलावातलं मोठं जाळंही असंच निघतं. फेकायचं लहान जाळं ज्याचं त्याने कधीही टाकावं, पण मोठं जाळं सगळ्यांचं. घरटी एक माणूस दोरीला लागतो. एक घर जरी आलं नाही तरी जाळं काठावर गुंडाळलेलं पडून राहतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा असं झालं होतं. शिंगाड्याच्या जागेवरून एका घराचं बाकीच्यांशी बिनसलं होतं. ते घर आलं नाही आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळे पुरुष काठावर बसून राहिले. मासे न्यायला आलेला गाडीवाला शिव्या देत परत गेला. राहू द्या त्याला, आपण ओढू, असं कोणीही म्हटलं नाही. माझ्या माहेरीही हीच रीत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

तलावाची गोष्ट निघाली तेव्हा आमच्या लोकांनी जे केलं ते या रीतीने केलं. आम्ही ढिवर, मासे धरणारे. गावात आता म्हणतात, ढिवर लोक अडाणी, सभेला आले नाहीत आणि आता रडतात. अडाणीपणा नव्हता तो. आम्ही नाही म्हणत होतो, आणि आम्हाला येत होतं तसं म्हणत होतो.

आमचं गाव जंगलाला लागून आहे. एका अंगाला धानाची बांधी, म्हणजे भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला तलाव, आणि तलावाच्या पलीकडच्या काठापासून जंगल सुरू. तलाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या वेळचा, आता ग्रामपंचायतीचा. मोहर्लीकडे वाघ पाहायला येणाऱ्या गाड्या वाढत गेल्या तशा आमच्याही रस्त्याने येऊ लागल्या. आमचे सरपंच शेतकरी घरातले, वयाने माझ्या नवऱ्याएवढेच. माणूस वाईट नाही. कोणाचा साप चावलेला माणूस असो की अडलेली बाई, ते आपल्या गाडीत घालून चंद्रपूरला नेतात. ते मोहर्लीला जाऊन आले आणि त्यांच्या मनात बसलं की आपल्याही गावात पाहुणे थांबले पाहिजेत. वाघ काही आपल्या हातात नाही, पण तलाव आहे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायला रस्ता करायचा, दिवे लावायचे, बोटी सोडायच्या. शहरातला एक ठेकेदार हे सगळं करायला तयार होता. मासेमारी तेवढी बंद करावी लागणार होती, कारण पाहुण्यांना वास येतो आणि जाळ्यात बोटी अडकतात.

"सुशोभीकरण करतेत म्हणे," माझ्या नवऱ्याने घरी येऊन सांगितलं. तो शब्द त्याला एका दमात म्हणता आला नाही.

सासू मासे खरवडत होती. "म्हणजे काय करतेत?"

"तलाव सुंदर करतेत."

"मंग आता काय वंगाळ हाय?"

"वंगाळ आपण हाओ आई. आपल्यालेच काढून टाकतीन त होईन सुंदर."

ती हसली, तोही हसला. मला हसू आलं नाही. आमच्याकडे शेत नाही. पावसाळ्यात धानाच्या रोवणीची मजुरी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि बाराही महिने जे पोटात जातं ते त्या पाण्यातून येतं. ज्या दिवशी काहीच नसतं त्या दिवशीही ओंजळभर झिंगे असतात. मी स्वैपाक करणारी, मला माहीत होतं की तलाव गेला तर चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न कोणासमोर उभा राहील.

ग्रामसभेची दवंडी झाली. तलावाचा विषय त्यात होता. त्याच संध्याकाळी आमच्या समाजाची बैठक माझ्या भासऱ्यांच्या अंगणात भरली. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. समाजाचे प्रमुख तेच. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर यायचं नसतं, त्यांच्याशी बोलायचं तर नसतंच. ते इकडे आले की मी आत जाते. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा कधी सरळ पाहिलेला नाही. त्यांचा खोकला ओळखते, चपलेचा आवाज ओळखते. मी मुळातच कोणाशी फार बोलणारी नाही, त्यामुळे ही रीत मला कधी जड गेली नाही. उलट तिच्या आड बसायला मला बरंच वाटायचं.

दोन्ही घरांमध्ये कुडाची एकच भिंत आहे. बैठकीतलं सगळं ऐकू येत होतं. फार चर्चा झालीच नाही. भासरे म्हणाले, "आपला एकही माणूस जाणार नाई. आपण नाई गेलो त सभा होणार नाई. सभा नाई त ठराव नाई." सगळ्यांनी हो म्हटलं आणि सुपारी वाटली.

तसंच झालं. सभेच्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातली सगळी दारं ओढलेली होती. पुरुष आत पडून होते, बायका विड्या वळाव्यात तशा मुकाट्याने काहीबाही करत होत्या. दुपार कलल्यावर कोणीतरी बातमी आणली की माणसं पुरेशी आली नाहीत, ग्रामसेवकाने घड्याळ पाहून सभा तहकूब केली. मोहल्ल्यात दिवाळीसारखं वातावरण झालं. नवऱ्याने मोठी मरळ आणली. सासूने ती भासऱ्यांच्या घरीही पाठवली. "सरकार हारलं बाप्पा," शेजारची म्हातारी सगळ्यांना सांगत फिरत होती, "घरी बसून हरवलं आमी."

मीही त्या दिवशी पोटभर जेवले.

पुढच्या दोन-चार दिवसांत अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी मला गाठलं. त्या बौद्ध मोहल्ल्यातल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या. रोवणीला आम्ही एकाच बांधीत असतो. गावात माझ्याशी थांबून बोलणारी ती एकच. मी मुलीला अंगणवाडीत सोडायला गेले होते. त्यांनी खिचडीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचे लोक येणार हायेत ना आता सभेले?"

"सभा त मोडली ना, बाई."

"मोडली नाई. तहकूब झाली. पुढं ढकलली म्हणजे. आता परत होणार हाय."

"तवाही नाई जाणार आमचे लोक. मंग तेही मोडन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले कोणी सांगतलं नाई का? तहकूब सभेले कोरम लागत नाई."

कोरम काय ते मला माहीत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. सभेला गावातली अमुक इतकी माणसं हजर पाहिजेत, त्याला कोरम म्हणतात. तेवढी नसली तर सभा पुढे ढकलतात. पण पुढे ढकललेल्या सभेला ती अट नसते. त्या दिवशी मूठभर आले तरी सभा भरते, आणि ते मूठभर जे ठरवतील ते गावाने ठरवलं असं होतं.

"मंग जे आले नाई ते?"

"ते नाईतच."

"नाई म्हणून राह्यले ना ते."

"तसं नसते, बाई. घरी बसून नाई म्हणता येत नाई. तिथं जाऊन हात वर कराव लागते. आमच्या घरी बाबा सांगत होते, मत न देणं म्हणजे दुसऱ्याले देणं."

मी चौथीपर्यंत शिकले. त्यात ग्रामपंचायतीचा एक धडा होता. गावाचा कारभार गावानेच करायचा असतो असं त्यात होतं, आणि एका झाडाखाली बसलेल्या माणसांचं चित्र होतं. ते चित्र मला आवडायचं. त्यात सगळे बसलेले होते. कोणी आलं नाही तर काय, हे त्या धड्यात नव्हतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मले नको सांगू, भाऊले सांग." मी भाऊला कशी सांगणार हे त्याला माहीत होतं. त्याला स्वतःला जायचं नव्हतं, कारण थोरल्या भावाला तुझं चुकलं असं त्याने जन्मात कधी म्हटलेलं नाही. म्हणून सासूला मध्ये घेतलं. भासरे आणि आणखी तिघे-चौघे आमच्या अंगणात बसले, मी दाराच्या आत, आणि सासू उंबऱ्यावर. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, आणि तोच कान माझ्याकडे होता.

"आई, त्यायले सांगा, तहकूब सभेले कोरम लागत नाई."

सासू म्हणाली, "ते म्हणते, त्या सभेले करम लागत नाई."

"करम त सगळ्यायलेच लागते," भासरे म्हणाले. "बिना करमाचं कुठी काई होते का?"

बाहेरचे हसले.

"करम नाई आई, कोरम. कोरम."

"तेच म्हणून राह्यली ना मी."

"किती माणसं पायजेत ते. त्या दिवशी माणसं कमी आले म्हणून सभा झाली नाई. आता कमी आले तरी होते."

"ते म्हणते, माणसं कमी आले."

"कमीच येणार ना. आपणच त नाई गेलो." पुन्हा हसणं. कोणीतरी म्हणालं, "वयनीले आत्ता समजलं वाटते."

मी दार घट्ट धरलं होतं. मी जरा मोठ्याने बोलले, सासूशीच, पण बाहेर सरळ ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सगळं सांगितलं. मूठभर लोक, त्यांचा ठराव, आपण नाहीतच असं धरणं. हसणं थांबलं. मग भासरे सासूला म्हणाले, पण उत्तर मला होतं, "असा कायदा कसा असन, आई? पयल्यांदा माणसं लागते अन् दुसऱ्यांदा लागत नाई? मंग पयल्याच दिवशी काऊन नाई करून टाकलं? तिले कोणीतरी भेव दाखवून राह्यलं. आपण भेऊन गेलो की आपले डोके मोजतीन अन् म्हणतीन, पाहा, समाज आला."

पहिल्या दिवशी माणसं लागतात आणि दुसऱ्या दिवशी का लागत नाहीत, हे मी नंतर ग्रामसेवकालाही विचारलं.

तहकूब सभा ज्या दिवशी होती त्या दिवशी पुन्हा सगळी दारं ओढली गेली. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी लुगडं बदलून आले तेव्हा तो न वळता म्हणाला, "जाऊन राह्यली का?"

"हो."

"समाजानं काय ठरवलं ते मालूम हाय ना?"

"हाय."

जाऊ नको असं मात्र तो म्हणाला नाही. सासू म्हणाली, "आपल्या घराचं नाव खराब करशीन, पोरी." मी चप्पल घातली. ओढलेल्या दारांच्या मधून चालत जायचं होतं आणि प्रत्येक दाराच्या फटीतून कोणीतरी पाहत होतं हे मला ठाऊक होतं. आमच्या मोहल्ल्यात मी कधी मान वर करून चालले नाही, त्या दिवशी तर फक्त स्वतःचे अंगठे दिसत होते.

मदतनीस बाई शाळेजवळ उभ्या होत्या. आम्ही दोघी पंचायतीच्या सभागृहात गेलो. पंखा फिरत होता, सतरंजी बरीच मोकळी होती. सरपंच, ग्रामसेवक, काही सदस्य, सरपंचांच्या वाड्यातले लोक, पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढलेले एक-दोघे. सरपंच मला पाहून खरंच खूष झाले. "या बाई, या. समोर बसा." मी मागे बसले. हजेरीला सही करायला सांगितली. मी माझं नाव लिहिलं, हळू लिहिलं, सगळे थांबले होते.

तलावाचा विषय वाचला गेला. ग्रामसेवकाने विचारलं, "मंजूर आहे ना सगळ्यांना?" हात वर गेले. मग विचारलं, "कोणाचा विरोध?"

मी हात वर केला. तो हात माझा नसल्यासारखा वाटत होता. बाईंनीही केला. सरपंच त्यांना म्हणाले, "तुमच्याकडं कुठी जाळं हाय, ताई?"

"जाळं नसलं तरी तलाव गावाचा हाय ना भाऊ. जाळेवाल्यायचाच नाई."

सरपंच माझ्याकडे वळले. "बोला बाई. तुमचं काय म्हणणं हाय ते सांगा. भेऊ नका."

मी उभी राहिले. पदर डोक्यावर आणखी ओढला. मग मी म्हणाले, "आमचे लोक नाई म्हणून राह्यले. म्हणून आले नाई."

कोणी हसलं नाही. ग्रामसेवक, जो नागपूरकडचा तरुण मुलगा होता, शांतपणे म्हणाला, "ताई, जे आले नाहीत त्यांचं नाही मला लिहिता येत नाही. हजर असलेल्यांचंच मत लिहितात."

"पण त्यायले नाई म्हणाचं हाय."

"मग यायला हवं होतं."

तेव्हाच मी त्याला विचारलं, पहिल्या दिवशी माणसं लागतात आणि आज का लागत नाहीत. तो म्हणाला, "असा नियम नसता तर गावात एकही काम झालं नसतं, ताई. लोक येतच नाहीत. दोन-तीन वेळा बोलावून कोणी आलं नाही तर गाव थांबवून ठेवायचं का?"

आमच्याकडे थांबवून ठेवतात, असं मला म्हणायचं होतं. एका घरासाठी जाळं थांबतं. त्या घरी जाऊन विचारतात. पण हे एवढं बोलायला मला त्या वेळी जमलं नाही, आणि जमलं असतं तरी त्याने ते कुठे लिहिलं असतं, मला माहीत नाही. ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोध दोन, असं त्याने वाचून दाखवलं. निघताना सरपंच मला म्हणाले, आणि त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं, "बरं झालं तुमी आल्या. समाजाचं कोणी नव्हतं असं आता कोणाले म्हणता येणार नाई."

मी घरी पोहोचायच्या आधी हे वाक्य मोहल्ल्यात पोहोचलं होतं.

भासऱ्यांच्या अंगणात नवऱ्याला बोलावलं. भिंतीतून सगळं ऐकलं. भासरे म्हणाले, "आपल्या घरची गेली म्हणजे आपलं घर गेलं. आपलं घर गेलं म्हणजे समाज गेला. आता कोणत्या तोंडानं म्हणाचं की आमाले मंजूर नवतं?" नवरा खाली पाहत असणार. तो एवढंच म्हणाला, "ते विरोध करून आली, भाऊ." कोणीतरी उत्तर दिलं, "विरोध कराले जाव कायले लागते? न जाणं हाच विरोध होता. तिनं तोच मोडला." आणि हेही खोटं नव्हतं. मी त्या रात्री विचार केला की मी गेले नसते तरी ठराव झालाच असता. फक्त तो झाला तेव्हा आमचं कोणीही तिथे नसतं. ते बरं असतं का वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाऊस लागण्याआधी मोठं जाळं शेवटचं निघालं. त्यानंतर तलाव ठेकेदाराकडे जाणार होता. पहाटे लोक काठाकडे जाताना आवाज आला. आमच्या दारात कोणी थांबलं नाही. नवरा तयार होऊन खाटेवर बसला होता, डोक्याला पंचा बांधून. बराच उजेड झाला तरी तो तसाच बसून होता. मग तलावाकडून दोरी ओढतानाची आरोळी ऐकू आली, आणि आम्हाला कळलं की जाळं आमच्याशिवाय पाण्यात गेलं. एका घरावाचून जाळं ओढलेलं माझ्या ऐकण्यातही कधी नव्हतं. सासू रडली. नवऱ्याने पंचा सोडला आणि घडी करून ठेवला. मला वाटलं, त्या सभागृहातला नियम चालत चालत आमच्या मोहल्ल्यापर्यंत आला, आणि पहिला आमच्यावर चालला.

वाटा मात्र आला. एक पोरगी दारात टोपली ठेवून पळून गेली. आमच्यातल्या कोणालाच ते मासे गिळवले नाहीत, पण टाकवलेही नाहीत. शेवटी वाळवले.

त्यानंतरचं फार लिहिण्यासारखं नाही. तलावाभोवती तारेचं कुंपण आलं. पावसाळा संपल्यावर बोटी आल्या, त्यातल्या काही बदकाच्या आकाराच्या. आमच्यातल्या दोन पोरांना बोटीवर काम मिळालं; तुमच्या पोरांना कामावर ठेवू असं सरपंच म्हणाले होते, तो शब्द त्यांनी पाळला. बाकीचे आपापल्या घरी बसून राहिले. दिवाळीनंतर मोहल्ल्यातले पुरुष तेलंगणात गेले, आधी कापूस वेचायला, मग मिरची तोडायला. माझा नवराही गेला. समाज त्याच्याशी बोलायला लागला होता, परक्या गावात कोण किती दिवस अबोला धरणार. इकडे मी, सासू आणि मुलगी. संध्याकाळी भाताबरोबर काय, हा प्रश्न रोज येऊन समोर बसायचा. सासू म्हणायची, "पाण्याले लागून राहाव अन् मिठासंग भात खाव, असं माय-बापानं दाखवलं नवतं." मुलीला कुंपणापाशी जाऊ नको म्हणून सांगावं लागायचं. ती विचारायची, आपला तलाव कोणाच्या घरी गेला.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला आमचा समाज जाणार असं ठरलं. हे भासऱ्यांनीच ठरवलं. तलाव गेल्यापासून ते खूप खचले होते. आता त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की जे सभेत झालं ते सभेतच बदलतं. गावात राहिलेले म्हातारे, बायका, जे कोणी होते ते सगळे निघाले. ओढलेली दारं त्या दिवशी उघडी होती. मीही गेले, बायकांच्या मागे.

सभागृह कधी नव्हे ते भरलं. ग्रामसेवक खुशीत होता. "आज पहिल्याच वेळी कोरम पूर्ण," तो सरपंचांना म्हणाला. भासरे पुढे बसले होते. मी त्यांची पाठ पाहत होते. ती इतकी वाकली आहे हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं, कारण मी कधी पाहिलंच नव्हतं.

विषय वाचले गेले. त्यात तलाव नव्हता. होता तो बोटींपर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा, जो आमच्या मोहल्ल्याच्या मधून काढायचा होता, त्यासाठी काही अंगणं मागे सरकवायची होती. ग्रामसेवक भराभर वाचत होता. त्याने विचारलं, "मंजूर?"

भासऱ्यांनी हात वर केला.

ते बोलायची परवानगी मागत होते. त्यांना तलावाबद्दल बोलायचं होतं आणि आमच्या बैठकीत बोलायचं असलं की हात वर करतात. बाकीच्यांनी त्यांचा हात पाहिला आणि आपलेही वर केले. आमचं सगळ्यांचं असंच असतं. प्रमुखाने जे केलं ते समाज करतो. ग्रामसेवक बोटाने मोजायला लागला. सरपंचांना समाधान वाटत होतं, आता ढिवर मोहल्लाही सोबत आला असं.

मदतनीस बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूकडे पाहिलं. तिचाही हात वर होता.

सांगायला मध्ये कोणी नव्हतं. मी उभी राहिले आणि मग कळलं की भासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला माहीत नाही. कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच म्हणाले, "तुमी हात खाली घ्या. तो हो म्हणाचा हात हाय. आपल्या अंगणातून रस्ता नेऊन राह्यले."

सगळं सभागृह वळलं. भासरेही वळले. आमची नजर झाली. मला वाटलं आता ते उठून जातील, आणि त्यांच्यामागे सगळे. त्यांनी आपल्या वर असलेल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. मग हळूहळू खाली घेतला. एकेक करून सगळे हात खाली आले. सासूने आपला हात पदरात लपवला.

"मोजलं होतं मी," ग्रामसेवक म्हणाला.

"परत मोजा," भासरे म्हणाले.

त्याने परत मोजलं. रस्त्याचा विषय त्या दिवशी मंजूर झाला नाही. भासऱ्यांनी तलावाचं विचारलं तेव्हा सरपंच म्हणाले, करार झाला आहे, अमुक इतकी वर्षं त्याला हात लावता येत नाही, हा विषय आज घेता येणार नाही. तलावासाठी आलेल्या लोकांना तलावाला हो किंवा नाही काहीच म्हणता आलं नाही. ते उठले आणि बाहेर आले. काही बायका तिथेच पायरीवर बसून राहिल्या, कारण घरी जाऊन तरी काय करायचं होतं.

परत येताना मी सर्वांत मागे होते. भासरे पुढे चालत होते, काठी नसतानाही काठी असल्यासारखे. आमच्या दाराशी ते थांबले. मी आत जायच्या घाईत होते, पण दारात तेच उभे होते म्हणून मला जाता आलं नाही. मी पदर ओढून एका बाजूला उभी राहिले. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तलावाच्या सभेच्या वेळीच मले असं समोर येऊन सांगाचं होतं."

कसं सांगितलं असतं. ते आपल्या घरी गेले. भिंतीपलीकडे खाट करकरली. मी चुलीत जाळ घातला. तलावावरून बोटीतल्या पाहुण्यांचा हसण्याचा आवाज येत होता. घरात तांदूळ होता, मीठ होतं. नवऱ्याचा फोन आला तर सभेचं काय सांगायचं, हे जुळवत मी बसले होते. रस्ता थांबला हे सांगायचं होतं, आणि तलाव तर गेलेलाच आहे, हेही.